डाव्या बाजूची गोदा

गोदाच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी खुर्चीत बसून, पाय सरळ करून दहा आकडे मोजत होते. डॉक्टरांनी दिलेला गुडघ्याचा व्यायाम. "मावशी, आई गेली," तो म्हणाला. पाय खाली ठेवायचा असतो हेच मी विसरले… त्याला आता दीड महिना झाला.

गोदा माझी शेजारीण, एका भिंतीपलीकडची, चाळीस वर्षांपासूनची. माहेर बिडकीनचं. शहरात जन्म गेला तरी तिचं 'लई' आणि 'नाय' काही सुटलं नाही. माझे गुडघे कुरकुरायला लागले ते बासष्टाव्या वर्षी. आज मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, त्यामुळं तेव्हाच्या मला तरुणच म्हणते, आणि तरुणपणी माणसाला जेवढी अक्कल असते तेवढीच मला होती. पहिला हाडांचा डॉक्टर मी कशावरून निवडला? तर त्याच्याकडं काचेच्या कपाटात सांगाडा उभा होता आणि खोलीत गारवा छान होता. आपल्याकडच्या मे महिन्यात आणखी काय पाहिजे! त्यानं माझ्याकडं न बघता एक्स-रे उजेडाला धरला आणि ऑपरेशन कधी करायचं ते विचारलं. बाहेर आल्यावर गोदा म्हणाली, "पाय तुझा दुखतोय का त्या फोटूचा? हात तरी लावला का त्यानं?"

नव्हता लावला. पण शहाणी होईन तर मी कसली! पुढं शहागंजकडच्या एका गल्लीत कुणीतरी पुड्या देतो असं कळलं, तर गोदाला चुकवून गेले. आठ दिवसांत जिना पळत उतरायला लागले आणि महिन्याभरात तोंड टम्म पुरीसारखं फुगलं. गोदानं पुड्या मोरीत ओतल्या. "आत काय हाय ते देणारा सांगत नाय, अन् तू खातीस? जनावर बी आधी हुंगतं गं शालन!"

तेव्हापासून माझा डॉक्टर शोधणं हे गोदाचं काम झालं. ती नव्या दवाखान्यात नुसती जाऊन बसायची आणि बाहेर पडणाऱ्या पेशंटला धरायची. "चालून दाखवायला लावलं का? दुखतं तिथं दाबून बघितलं का? गोळी कशाची, किती दिवस, सांगितलं का?" मी लांबच्या बाकावर बसून, ही बाई माझ्या ओळखीची नाही असा चेहरा करायची. चालताना मात्र ती माझा डावा कोपर धरायची आणि मी राणीसारखी मिरवायची. जिन्यात मधेच थांबून म्हणायची, "जरा दम घे."

"मला कुठं दम लागलाय? तूच म्हातारी झालीस."

"व्हय बाई, मी म्हातारी, तू नवरी."

एकदा म्हणाली, कंबर रात्रीची झोपू देत नाही, पडून राहिलं तरी थांबत नाही. मी म्हणाले, "माझ्या गुडघ्यांशी बरोबरी करू नकोस." …हे मी म्हणाले. मीच.

गेल्या वर्षी तिनं पारखलेला शेवटचा डॉक्टर. आम्ही दारातून आत येत होतो आणि तो खुर्चीतून उठून आमचं चालणं बघत होता. "आजी, तुमच्यात कोण कुणाला धरून चालतंय?"

"ही मला," मी म्हणाले.

"नाही. यांचा सगळा भार तुमच्यावर आहे." आणि त्यानं गोदाला आधी बसवलं. "किती दिवस दुखतंय?"

चोरी पकडली गेल्यासारखं तिनं माझ्याकडं बघितलं. "झालं आठ-नऊ महिनं. हिचं उरकलं की दाखवणारच होते."

आणि मी काय बोलले असेन? "नंबर माझा आहे." मोठ्यानं. गोदा खुदकन हसली…

दुखणं कॅन्सरचं होतं, दुसरीकडून मणक्यात उतरलेलं. उपचार सगळे झाले, आठ महिने चालले. डॉक्टरांना मी एकटीनं गाठून विचारलं, आधी आणलं असतं तर? त्यांनी माझ्याकडं बघितलं. "हे त्यांच्यासमोर विचारू नका," एवढंच म्हणाले. गोदाला मात्र पलंगावरूनही मोठा अभिमान. "बघ, डॉक्टर मी बराबर हुडकला का नाय? आत पाय ठिवताच वळखलं त्यानं!" मी मान हलवायची. तिनं हुडकला होता माझ्यासाठी.

आता मी एकटीच जाते, उजव्या हातात काठी घेऊन. परवा डॉक्टरांनी चालायला लावलं आणि म्हणाले, "डावा हात असा अंगापासून लांब का धरता? सैल सोडा." सोडला. दारापर्यंत जाईतो कोपर पुन्हा बाहेर आला होता.

जिना उतरताना मधल्या पायरीवर मी थांबते. दम लागलेला नसतो.