मॅडम आणि मुकुटबनकडचा ज्वालामुखी

"स्वतः पाह्यलं काय?" कोणी काहीही सांगत आलं की चष्मा कपाळावर सरकवून मॅडम आधी हेच विचारायच्या.

यवतमाळच्या आमच्या कॉलेजात त्या भूशास्त्र शिकवत आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत परिचर होतो. आपल्याकडचा काळा खडक म्हणजे थिजलेला लाव्हा. तो कुठून आला, किती वेळा आला, यातच त्यांचं आयुष्य गेलं. सुट्टी लागली की लोक गावी जातात. त्या दगडखाणीत जायच्या.

एकदा मुकुटबनकडच्या एका गावात शेतातून धूर निघू लागला. मोबाइलवर व्हिडिओ फिरला, 'ज्वालामुखी फुटणार!' लोक घरं सोडू लागले. शेजारच्या कोळसा डेपोचा मालक मात्र घरोघर सांगत फिरत होता, "जमीन इकून टाका. जळल्यावर कोन घेईन?"

आम्ही पोचलो तेव्हा एक बाई बैलगाडीत भांडी भरत होती. "मॅडम, कवा फुटते हो?"

"इथला लाव्हा मानूस जन्माले याच्या आधीच थंडा झाला, बाई. भांडे उतरव. लेकरं धुरापासून दूर ठेव, अन् मले फावडं दे."

फावडं त्यांनी मला दिलं. हातभर खोदलं तर खाली धुमसणारा कोळशाचा चुरा! शेताकडेच्या खड्ड्यात टाकून वर मुरूम पसरलेला. चुऱ्यासोबत अर्धी जळालेली ताडपत्रीही निघाली, तिच्यावर डेपोचं नाव.

"हे काय व्हय?" मॅडमनी डेपोवाल्याला विचारलं.

"मले काय मालूम? जमिनीतलं हाय."

"तीस वर्षं जमिनीतलंच पाहून राह्यली मी. अन् ही तुमच्या नावाची ताडपत्री बी जमिनीतूनच उगवली काय?"

गाव परतलं. पण दोन घरांनी आधीच डेपोवाल्याला जमिनी विकल्या होत्या. त्यांच्यासाठी मॅडम वर्षभर कार्यालयांच्या पायऱ्या चढल्या. तुम्हीही अशा पायऱ्या चढला असाल. शेवटी एका ओळीचं उत्तर आलं: 'आपल्याच अभ्यासानुसार सदर ठिकाणी ज्वालामुखी नाही.' कोळशाबद्दल अक्षर नाही! मॅडमनी तो कागद माझ्याकडे दिला. "माह्याच अभ्यासानं त्याले सोडवलं रे," एवढंच म्हणाल्या.

गेल्या वर्षी मॅडम गेल्या. कॉलेजातल्या शोकसभेला प्रमुख पाहुणा कोण? तोच डेपोवाला. त्याने मॅडमच्या फोटोला हार घातला आणि हात जोडून फोटोग्राफरकडे पाहिलं.

मी मागच्या रांगेतून उठलो, मंचावर गेलो आणि तो हार काढून त्याच्याच हातात दिला.