वरची कोरडी खोली

माझा दादा एकवीस वर्षं त्या घराचा राखणदार होता. गावातली पहिली गिरणी ज्यांनी उभी केली, त्या संस्थापकांचं ते घर, आता संग्रहालय. तिकिटं फाडणं, पितळ घासणं, लोकांना माहिती सांगणं, सगळं दादाकडेच. राहायला मागच्या, नदीकडच्या दोन खोल्या. भिंतीला हात लावला की हात ओला.

वरच्या खोलीतली पाटी दादाला तोंडपाठ होती. संस्थापकांची छाती बिघडली तेव्हा वैद्यांच्या सांगण्यावरून ही पूर्वेची, कोरडी खोली बांधली. इथे ते आणखी नऊ वर्षं जगले.

वहिनीची छाती बिघडली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ऊन आणि कोरडी हवा." दादाने व्यवस्थापकांकडे दुसरी खोली मागितली, कुठलीही चालेल म्हणाला. तीन अर्ज केले. तिन्ही वेळा उत्तर एकच, "बघू."

मग दर सोमवारी, घर बंद असताना, दादा वहिनीला पाठीवर घेऊन जिना चढू लागला. संस्थापकांच्या पलंगावर आपली चादर अंथरायची, संध्याकाळी सगळं होतं तसं करायचं. मी डबा घेऊन गेले की वहिनी म्हणायची, "वन्सं, चपला खाली काढा. मालकीणबाईंच्या घरी आलात."

"खोकला कसा आहे?"

"सोमवारी त्यालाही सुट्टी."

सहाव्या सोमवारी व्यवस्थापक पाहुण्यांना घेऊन अचानक आले. वहिनी झोपली होती. ते ओरडले नाहीत. पलंगापुढे बांधलेल्या दोराच्या अलीकडे उभे राहून म्हणाले, "हा पलंग दीडशे वर्षांचा आहे."

"साहेब, ही बेचाळीसची आहे," दादा म्हणाला. "दोन महिने द्या, मग म्हणाल ते."

नोकरी राहिली. वरच्या खोलीला मात्र नवं कुलूप लागलं आणि सोमवारी किल्ली व्यवस्थापक घरी नेऊ लागले. नदीला पाणी चढलं त्या आठवड्यात वहिनी गेली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दादा पाटी सांगताना नऊ वर्षांपाशी अडायचा. लोकांना वाटायचं, आदराने.

आता ती नोकरी माझ्या मुलीला लागली आहे. खोल्याही त्याच. तिला लहानपणापासून दमा. मी म्हटलं, नोकरी कर, पण राहायला घरी ये. ती म्हणाली, "आई, तू पण ना. भिंतींना नवा रंग दिलाय."

काल जाऊन हात लावून पाहिला. रंग हाताला आला.