फॅनचं बटण

माझ्या थोरल्या दिरांना सगळं येत होतं. हे ते स्वतःच सांगत. पिंपरीच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये माल मोजून देण्याचं काम नऊ वर्षं करून ते डिंगोऱ्याला परत आले, आणि तेव्हापासून आमच्या घरात पंप, मिक्सर, टीव्ही, काहीही बिघडलं की सगळे त्यांच्या तोंडाकडे बघायचे. दादा पेचकस घेऊन बसायचे. त्यांचा हात लागला की ती वस्तू बहुतेक वेळा कायमचीच बंद पडायची. मग ते म्हणायचे, "मालच हलका व्हता."

मी लग्न होऊन आले ती आळेफाट्याहून. माझ्या वडिलांचं तिथे गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. आई लवकर गेली, त्यामुळे शाळा सुटली की मी घरी न जाता दुकानात जायचे. दहावीपर्यंत ट्रकच्या मागच्या दिव्यांचं सगळं वायरिंग मला एकटीला करता येत होतं. लग्न ठरलं तेव्हा वडील म्हणाले, "तिकडं हे सांगत बसू नको. उगं वेगळं वाटंल त्यांना." मी सांगितलं नाही. त्या घरात मी चार वर्षं भाकऱ्या थापल्या आणि दादांना मिक्सरची मोटर जाळताना बघत राहिले.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. दादांनी जुन्नरच्या एका कापडाच्या व्यापाऱ्याकडून जुनी मोटार घेतली. पांढरी, छोटी. त्या शेठने ती इतकी जपून वापरली होती की दाराच्या आतल्या बाजूचं प्लास्टिकसुद्धा शाबूत होतं. गाडी आल्या आल्या दादांनी दोन मोठे हॉर्न घेतले आणि ते माझ्या वडिलांकडून बसवून आणले. मग दीड महिन्यात गाडी तापायला लागली.

कारण साधं होतं. रेडिएटरच्या खाली एक लहान स्विच असतो. पाणी ठरावीक गरम झालं की तो आपोआप पंखा चालू करतो, निवलं की बंद करतो. तो गेला होता. नवा आणून बसवायचा, संपलं. पण दादांनी ओतूरहून एका घरगुती वायरमनला बोलावलं. विहिरीवरच्या मोटारी आणि लग्नाच्या मांडवातल्या माळा जोडणारा माणूस. दोघांनी अंगणात एक अख्खी सकाळ घालवली. बॅटरीवरून एक बारीक वायर काढली, घरातल्या बेलला लावतात तसली, ती पत्र्याच्या भोकातून तशीच आत घेतली आणि डॅशबोर्डवर खोलीतल्या दिव्याचं पांढरं बटण स्क्रूने ठोकलं. तिथून दुसरी तसलीच वायर पंख्याला. फ्यूज नाही, काही नाही.

"आता फॅन माझ्या हुकमात," दादा म्हणाले. "मी म्हणंल तवा चालू, मी म्हणंल तवा बंद."

मी चहा घेऊन गेले होते. राहवलं नाही म्हणून बोलले. "दादा, ही वायर लई बारीक आहे. पंखा ओढतो त्या मानानं तापेल. मधे रिले टाकायला पाहिजे, फ्यूज टाकायला पाहिजे."

वायरमनने माझ्याकडे असं पाहिलं की जणू कपबशी बोलायला लागली. दादा हसले. "रिले म्हंजी काय ठावं हाय का तुला?"

"डबी असते एक. बटणाने तिला नुसता इशारा मिळतो. पंख्याचा सगळा करंट जाड वायरीने त्या डबीतून जातो, बटणातून जात नाही. तुमच्या हॉर्नला बसवलाय ना, तोच."

"बरं बरं. मिक्सरचं बघ जा तू."

मिक्सर त्यांनीच जाळला होता. माझा नवरा तिथेच भिंतीला टेकून उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मग गाडीच्या चाकाकडे पाहिलं.

पुढचे पंधरा दिवस घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते बटण दाखवण्यात आलं. दूधवाल्याला, ग्रामसेवकाला, द्राक्षाच्या बागेवर औषध विकायला आलेल्या माणसाला. दादा गाडीत बसायचे, बटण दाबायचे, आणि बघणाऱ्याने बॉनेटजवळ उभं राहून "चालू झाला" म्हणायचं. मोठी माणसं हे करत होती.

मे महिन्यात दादांचे मेहुणे आले, आंबेगाव तालुक्यातून, घोडेगावजवळून. त्यांना नाणेघाट दाखवायचा दादांनी बेत केला. जाऊबाई जेवणाच्या तयारीसाठी घरी राहिल्या. सासूबाईंना गाडी लागते म्हणून त्यांना धरून बसायला मी मागे, माझ्या शेजारी नवरा. पाव्हणे पुढे.

जुन्नर ओलांडलं, आपटाळं मागे गेलं आणि रस्ता चढायला लागला. रस्ता तेव्हा खडीचाच होता म्हणायचा. दादांनी बटण सकाळपासून चालूच ठेवलं होतं. घाटघरच्या अलीकडे मला वास आला. जळकं प्लास्टिक नाकाला लागलं की मला ते झोपेतसुद्धा कळतं.

"दादा, गाडी थांबवा. वायर जळतीय."

"क्लचचा वास हाय त्यो. चढ हाय ना."

"क्लचचा नाही. बटण बंद करा."

त्यांनी बटणाला बोट लावलं आणि ओरडून हात मागे घेतला. बटण मऊ होऊन खाली ओघळलं होतं. डॅशबोर्डच्या खालून काळा धूर निघाला. पाव्हण्यांनी चालत्या गाडीचं दार उघडलं. सासूबाई "देवा देवा" करायला लागल्या. दादांनी ब्रेक मारला आणि सगळ्यांच्या आधी स्वतः उडी मारून बाहेर गेले. आई आत होती त्यांची.

मी पुढच्या सीटवरून वाकून बॉनेटचा खटका ओढला, खाली उतरले, बॉनेट वर केलं. वायर लाल झाली होती. बॅटरीचं टर्मिनल काढायला पाना लागतो, पण दादांनी आणि त्यांच्या वायरमनने ते नीट आवळलंच नव्हतं. हाताने उपटून निघालं. त्यांच्या गलथानपणाचा तेवढा एक उपयोग झाला. धूर थांबला. नवऱ्याने सासूबाईंना उतरवून झाडाखाली बसवलं, आणि हे काम झाल्यावर तोही तिथेच बसला.

पंखा केव्हाच बंद पडला होता, त्यामुळे पाणी उकळत होतं. दादांना काहीतरी करून दाखवणं भाग होतं. ते खिशातला रुमाल हाताला गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाकडे निघाले.

"दादा, ते उघडू नका. अर्धा तास तरी निवू द्या."

"तू मला शिकवणार?"

झाकण उडालं. वाफ आणि पाणी त्यांच्या उजव्या मनगटावर आलं. ते जे ओरडले त्याने समोरच्या खाचरातली जनावरं पांगली. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं नाही. भाजल्याचं वाईट वाटलं पाहिजे हे समजत होतं, तेवढंच.

घाटघरचा एक म्हातारा शेतकरी आवाज ऐकून आला. त्याने दादांचा हात बघितला, घरून हंडाभर पाणी आणलं, एक पक्कड आणि विळा आणला.

"पावणं, मिस्त्री कोण हाय तुमच्यात?" त्याने विचारलं.

मी त्याच्या हातातून पक्कड घेतली.

काम अवघड नव्हतं. वडिलांनी हॉर्नला रिले आणि फ्यूज घालून, जाड वायर ओढून दिली होती, आणि ते सगळं पंख्याच्या शेजारीच होतं. मी जळलेली वायर मुळापासून कापून टाकली. हॉर्नला जाणारी जाड वायर तोडून पंख्याला जोडली. हॉर्नच्या बटणाकडे जाणारी बारीक वायर तोडून गाडीच्या पत्र्याला घट्ट बांधली, म्हणजे रिले कायम चालू राहील. चिकटपट्टी नव्हती. प्लास्टिकच्या पिशवीच्या पट्ट्या गुंडाळून पेटत्या काडीने शेकवल्या. गाडी पूर्ण निवल्यावर पाणी भरलं, बॅटरी जोडली. पंखा फिरायला लागला.

"आयला," म्हातारा म्हणाला. "लेकीच्या हातात कसब हाय." त्या दिवसात माझ्या कामाबद्दल कुणी बोललेलं हे एकच वाक्य.

नाणेघाट राहिला. परतताना गाडी नवऱ्याने चालवली, कारण दादांचा हात ओल्या रुमालात होता. हॉर्न आता नव्हता. त्यामुळे प्रत्येक वळणावर दादा खिडकीतून डोकं बाहेर काढून "ओ... बाजूला... ओ..." असं ओरडत होते. जुन्नरपर्यंत ते ओरडत आले. जुन्नरला डॉक्टरने मलम लावलं तेव्हा त्यांचा घसा बसला होता.

पण संध्याकाळी पंगतीत घसा मोकळा झाला. "मी म्हणलं, घाबरू नका," ते जाऊबाईंना सांगत होते. "हॉर्नचा रिले हाय ना आपल्याकं. त्यो काढला, दिला फॅनला. इंजिनेरिंग म्हंत्यात त्याला."

"दाजींचं डोकं म्हंजी डोकं हाय," पाव्हणे म्हणाले. चालत्या गाडीतून उडी मारायला निघालेले पाव्हणे.

मी भाकरी वाढत होते. नवऱ्याकडे पाहिलं. तो आमटीत भाकरी कुस्करत होता, लहान मुलासाठी कुस्करावी तशी बारीक. सासूबाईंनी मला डोळ्यानेच गप्प केलं. नंतर खोलीत नवरा म्हणाला, "कशाला वाढवायचं? थोरले हायेत." दादांचा मला कंटाळा होता. नवऱ्याचा त्या दिवसापासून तिटकारा आला. दादा निदान मूर्ख तरी होते. याला सगळं दिसत होतं.

आठ दिवसांनी दादांचा हुकूम सुटला. हात अजून पट्टीत होता म्हणून त्यांनी नवऱ्याला गाडी घेऊन माझ्या वडिलांकडे पाठवलं. "हॉर्न पयल्यासारखा करून आण. आन् फॅनचं बटण पायजे म्हंजी पायजे. सासऱ्याला सांग, आपोआप-बिपोआप काय नको."

मीही बरोबर गेले, वडिलांना भेटायचं निमित्त काढून. दुकानात काम मीच केलं. रेडिएटरला नवा स्विच बसवला, पंख्याला वेगळा रिले, वेगळा फ्यूज, जाड वायर. शेठच्या काळात चालायचा तसा पंखा आपोआप चालू-बंद व्हायला लागला. मग डॅशबोर्डवर नवं पांढरं बटण स्क्रूने बसवलं. त्याच्यामागे एकही वायर जोडली नाही.

वडील बघत होते. "असं करू नये पोरी. गिऱ्हाइकाला फसवू नये."

"ते गिऱ्हाईक नाहीत. दीर आहेत."

वडील हसले नाहीत. नवरा बाहेर चहा पीत होता. जाताना त्याने बटण दाबून पाहिलं, काहीच झालं नाही तेव्हा त्याला समजलं. "दादांना कळलं तर?"

"एवढं कळत असतं तर हात भाजला नसता."

त्यानंतर सहा वर्षं, माझी दोन्ही मुलं शाळेत जायला लागेपर्यंत, दादा ते बटण दाबत होते. चढ आला की दाबायचे, गाव आलं की बंद करायचे. लांबून गाडी आली की इंजिन गरम असायचं, पंखा फिरतच असायचा. दादा बटण दाबून पाव्हण्यांना सांगायचे, "बघा, कसा उठला." गाडी थंड असताना पंखा फिरला नाही तर म्हणायचे, "गरज न्हाई म्हणून उठला न्हाई. त्याला बी कळतं." त्याला कळत होतं हे खरंच होतं. नवरा अशा वेळी गोठ्याकडे निघून जायचा. मी कधी कुणाला सांगितलं नाही. लपवून मजा वाटायची, आणि त्या मजेची थोडी लाजही वाटायची. सहा वर्षं एका माणसाला रोज मनातल्या मनात हसणं हे काही फार मोठं काम नव्हे. पण त्या घरात माझ्या वाट्याला तेवढंच आलं होतं.

मग दादांनी ती गाडी घोडेगावच्या एका शिक्षकांना विकली. बटण कसं वापरायचं ते त्यांना अर्धा तास शिकवलं. दोन आठवड्यांनी शिक्षक परत आले. गाडी छान आहे म्हणाले, तक्रार काही नाही. "पण भाऊ, आमच्या मिस्त्रीने डॅशबोर्ड उघडला. त्या बटणाला मागं वायरच न्हाई. फॅन आपोआप चालतोय. मग तुमी मला बटण कशासाठी दाबायला लावलं?"

अंगणात आम्ही सगळे होतो. दादांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या हातात कांद्याची पाटी होती. मी ती खाली ठेवली. आता विचारतील, मी सांगेन, एकदाचं होऊन जाईल असं वाटलं. मी सहा वर्षं जे वाक्य जुळवत होते ते जिभेवर आलं होतं.

दादा शिक्षकांकडे वळले आणि हसले. "गुर्जी, ती आयडिया हाय आपली. चोराला फसवायला. चोर बटण बघतो, त्याच्या मागं लागतो, गाडी राहती तशीच. मुद्दामच वायर जोडली न्हाई."

शिक्षक विचारात पडले. "असं व्हय," म्हणाले. सासूबाईंनी मान डोलावली. नवरा, माझा नवरा, हसला आणि म्हणाला, "दादांचं डोकं लांबचं चालतं."

मी माणसांची कीव करायला शिकले नाही, पण त्या दिवशी रागसुद्धा आला नाही. माझी लबाडीसुद्धा त्यांनी आपल्या नावावर करून घेतली होती, आणि कुणाला त्यात काही चुकीचं दिसत नव्हतं. या घरातल्या तिघांना काही समजेल म्हणून मी दहा वर्षं वाट बघत बसले, म्हणजे तीन मूर्खांत मी चौथी होते.

वडिलांना मोतीबिंदूमुळे बारीक वायर दिसेनाशी झाली होती. येत्या सोमवारपासून मी आळेफाट्याला दुकानात बसणार असं मी रात्री जेवताना सांगितलं. दादा म्हणाले, "आपल्या घरची बाई गॅरेजात? लोक काय म्हंतील?" मी भाकरी मोडत होते, मोडत राहिले. सोमवारी मुलांचे डबे भरले आणि सकाळच्या एसटीने गेले. पहिल्या दिवशी एका टेम्पोचे इंडिकेटर दुरुस्त केले आणि एका जीपचा डायनामो उघडला.

गुरुवारी सकाळी नवरा मोटारसायकल पुसून अंगणात उभा होता. "चल, सोडतो," म्हणाला.

मी एसटीनेच गेले.