तिसऱ्या मजल्यावरची लांब रोटी

वर्धा स्टेशनावर उतरलो तेव्हा ऊन असं होतं, की माझी सावलीच माझ्याआधी ऑटोत जाऊन बसली. जिनपुऱ्याचं नाव काढताच ऑटोवाला म्हणाला, "तिथं आता काय पाह्यता भाऊ? सारं पाडून राह्यले." मला तेच पाहायचं होतं.

जिनपुरा म्हणजे जिनांमधल्या (कापसातून सरकी काढणारे कारखाने) हमालांची जुनी वस्ती. इथला हमाल एका हातानं कापसाची गाठ उचलून दुसऱ्यानं बिडी पेटवायचा, असं लोक सांगतात. मी स्वतः दोन गाठी सांगतो. आता एका जिनात कॉफीचं दुकान निघालंय आणि गाठी तोलायचा काटा शोभेला ठेवलाय.

पोट मात्र भरलं समोर, गिरजामावशींच्या ओट्यावर. पातळ कणीक दोन्ही हातांवर झुलवत ताणायची आणि चुलीवरच्या उपड्या मडक्यावर टाकायची, ही इथली लांब रोटी. सोबत वांग्याची झणझणीत भाजी. रोटीचं एक टोक मी खात होतो तेव्हा दुसरं अजून भाजत होतं!

तेवढ्यात बिल्डरचा माणूस कागद घेऊन आला. ओट्यासकट खोली द्यायची, बदल्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. वस्तीत फक्त मावशींची सही उरली होती.

"करते ना बाप्पा सही. पण आधी त्या घरात रोटी करून पाह्यते."

नमुन्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही वरात काढून गेलो. मडकं माझ्या डोक्यावर. मावशींनी आधी नळ उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. घरातच पाणी! चेहरा खुलला. मग गॅसवर मडकं तापवून त्यांनी कणीक झुलवली. एक कोपर फ्रिजवर, दुसरं कपाटावर, आणि रोटी थेट चालू पंख्यात! आम्हा तिघांच्या तोंडावर अगदी सारखे वाटे पडले.

शर्ट पुसत बिल्डरचा माणूस म्हणाला, "मावशी, घरी काऊन करता? बाहेरून बोलवा ना!"

"अरे, जिनपुऱ्यात बाहेरची रोटी म्हंजे माझीच! मी कोनाकडून बोलवू? खाली रस्त्याकडची खोली दे, आत्ता सही करते."

"तिथं कॉफीवाले येनार हायेत."

"त्याईलेच वर पाठव. त्याईचा कप एवढासा असते, मावते इथं."

"विचारून सांगतो," म्हणत तो सहीविनाच कागद घेऊन खाली उतरला. जाताना ओट्यावरून चार रोट्या बांधून घेतल्या.

परतीच्या गाडीत मला तो नळच आठवत राहिला. मावशींना नवं घर हवंच आहे. फक्त ते बांधण्याआधी कुणीतरी त्यांना एकदा रोटी करताना बघायला हवं होतं. या वाक्याला मी तिखटमीठ लावलेलं नाही.