दादाच्या क्वार्टरमधलं मोठ्याचं मटण

माझ्या भावाने त्या रविवारी घराच्या तिन्ही खिडक्या लावून घेतल्या, हे मी त्याला अजून माफ केलेलं नाही. एप्रिल महिना, नागपूर, खोलीत पेटता स्टोव्ह, आणि हा आतून कड्या घालत फिरतोय!

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नुकतीच नर्स झाले होते आणि हॉस्टेलवर राहत होते. दादाला कचेरीत कारकुनी मिळून सरकारी क्वार्टरही मिळालं होतं. बाबा गेल्यापासून माय दादा-वहिनीकडेच होती. मायबाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी कडेवरची पोर होते. इंदोऱ्यातल्या आमच्या जुन्या घरात मोठ्याचं, म्हणजे बैलाचं मटण नेहमी शिजायचं. त्याच मटणावर आम्ही दोघं वाढलो. क्वार्टरमध्ये आल्यापासून मात्र दादाने ते बंद केलं होतं. दोन वर्षं मायने तोंडातून शब्द काढला नाही. मग त्या हिवाळ्यात ती तापाने फार दिवस पडून राहिली. बरी झाल्यावर मी विचारलं, काय खावंसं वाटतं? ती हळूच म्हणाली, "मोठ्याचं."

आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये एक ख्रिस्ती बाई स्वयंपाकाला होत्या. त्या एकाच भांड्यात मटण आणि मॅकरोनी शिजवायच्या. तेच करायचं मी ठरवलं. मोमिनपुऱ्यातून दीड किलो मटण घेतलं, सदरमधल्या दुकानातून मॅकरोनीचं पाकीट घेतलं आणि सायकलरिक्षाने दादाचं घर गाठलं.

पिशवीत काय आहे हे कळताच दादाचा चेहरा उतरला. "इथं नको न शिजवू. आजूबाजूचे लोक काय म्हणतील?"

"मायले खायचं आहे," मी म्हटलं. त्यावर तो खिडक्या लावायला उठला.

जर्मनच्या मोठ्या गंजात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, मी कांदा लाल केला, त्यात आलं-लसूण, टमाटे आणि मटण घातलं. मायला राहवलं नाही, तिने स्वतःच्या हाताने मूठभर तिखट टाकलं. दोन तास ते मंद आचेवर रटरटत होतं. वहिनी पदराने घाम पुसत माझ्या शेजारी बसून होती. मटण मऊ झालं तसं रश्श्यात पाणी वाढवून मी मॅकरोनी सोडली. "ह्या नळ्या काहाच्या वं?" मायने विचारलं. गव्हाच्याच, म्हटल्यावर तिने एक कच्चीच चावून पाहिली आणि हसली. खूप दिवसांनी हसली.

तेवढ्यात दारावर थाप पडली. शेजारच्या बाई विरजणाला दही मागायला आल्या होत्या, हातात वाटी. त्यांनी दारातच खोल श्वास घेतला. "काय शिजून राहिलं जी? किती मस्त वास येते!"

"बकऱ्याचं मटण," दादा पटकन बोलला.

"मग दह्याचं राहू द्या, ह्याच्यातलंच वाटीभर द्या न. आमचे हे मटणाचे लय शौकीन."

आणि माझ्या भावाने काय केलं? वाटी घेतली, स्टोव्हपाशी आला आणि पळी उचलली! आपली लाज झाकायला दुसऱ्याच्या ताटात खोटं वाढायचं? मी त्याचं मनगट धरलं. पण बोलली माय. खाटेवरून उठून दारापर्यंत गेली.

"बाई, पोरगा खोटं बोलला. हे मोठ्याचं आहे. तुम्ही खात असाल तं सांगा, पोटभर देतो. नसान खात तं तुमची मर्जी."

बाईंनी पदर नाकाला लावला. अर्ध्या मिनिटापूर्वी ज्या वासाची तारीफ चालली होती, त्याच वासाला! दादाच्या हातून वाटी ओढून घेऊन त्या गेल्या, दार उघडंच टाकून.

"झालं समाधान?" दादा माझ्यावर ओरडला. "आता मले इथं राहायचं आहे, तुले नाही!"

"तिले बाटवून राहायचं होतं काय तुले?" माय म्हणाली. चपला घालून तो बाहेर निघून गेला. वहिनीने तिन्ही खिडक्या उघडल्या आणि तीन ताटं घेतली. माय दोनदा वाढून घेऊन जेवली.

दुसऱ्या दिवसापासून नळावर वहिनीची बादली शेवटी लागू लागली. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. कचेरीत दादाचा पेला वेगळा ठेवला गेला. त्याचं भय खोटं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं, आणि त्या नळावरच्या बायांचा मला आणखी संताप आला. दादा-वहिनीने कोणाच्या घरून काय चोरलं होतं, म्हणून ही शिक्षा?

सहा महिन्यांत दादाने बदली मागून घेतली. खिडक्या लावून खायचं नाही म्हणत माय त्याच्यासोबत गेली नाही. मी हॉस्टेल सोडून भाड्याची खोली घेतली आणि तिला घेऊन आले. दादा नातेवाइकांत सांगत फिरला की मायला इस्पितळ जवळ हवं म्हणून ती नागपुरात राहिली. मी कोणी विचारलं की खरं काय ते सांगून टाकते, तो समोर बसलेला असला तरी.