टेबल फिरलं तेव्हा

दुपारी चारच्या सुमारास अल्मा व्हिंटनचा फोन वाजला, की पलीकडे कपडे वाळत घालणाऱ्या शेजारणीलाही कळायचं, कुणाच्या तरी जेवणात एक बाई कमी पडली आहे. वॉशिंग्टनातल्या आमच्या जॉर्जटाउनात तेव्हा जेवणाच्या टेबलाशी पुरुष आणि बायका सारख्याच हव्यात, असा दंडक होता. एखाद्या मंत्र्याच्या बायकोचं डोकं दुखायचं, एखादीचं नवऱ्याशी बिनसायचं, आणि मग यजमानीणबाईंची धावाधाव व्हायची. बाई तर हवी, पण एकटी हवी, रीतभात जाणणारी हवी, दिसायला बरी पण फार बरी नको, आणि अगदी ऐन वेळी बोलावलं म्हणून तोंड वाकडं न करणारी हवी. एवढं सगळं जमणारी बाई आख्ख्या वॉशिंग्टनात शोधायला जाल तर अल्माच्या दारात येऊन थांबाल.

तिचा नवरा सरकारी खात्यात डोंगरदऱ्यांचे नकाशे काढायचा. तो गेल्यावर ती पुढच्या खोलीत मुलांना पियानो शिकवून घर चालवत होती. बाहेर जायला एक हिरवा मखमली पोशाख आणि एक काळा. ‘मी भरतीची बाई,’ असं ती स्वतःच हसून म्हणायची. पण मला विचाराल तर त्या चारच्या फोनची तिला चटक लागली होती. नाही म्हणायला दुसरं होतं काय तिच्याकडे? दिवसभर मुलांच्या चुकीच्या सुरांशी झटापट, आणि संध्याकाळी मात्र मेणबत्त्यांच्या उजेडात सेनापती नाहीतर न्यायाधीश शेजारी बसून विचारायचा, ‘आणि तुम्हाला काय वाटतं?’ तिला काय वाटतं याच्याशी त्याला देणंघेणं नसायचं, हे तिला कळायचं. तरी विचारलेलं बरं वाटायचं.

या जेवणांची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. यजमानीण आधी उजवीकडच्या पाहुण्याशी बोलायची. मासा संपून मटण आलं की ती डावीकडे वळायची. तिने मान वळवली की टेबलावरच्या सगळ्या माना वळायच्या. राजा बोले दळ हाले म्हणतात ना, तसं. याला ‘टेबल फिरणं’ म्हणायचे. शेजारचा माणूस कितीही रंगात आलेला असो, त्याचं वाक्य तिथेच तोडायचं आणि दुसऱ्या अंगाला हसून वळायचं. कारण एक जण वळला नाही, तर पलीकडचा कुणीतरी एकटाच ताटाकडे बघत बसणार, आणि तशी फजिती एखाद्या परराष्ट्र खात्याच्या माणसाची झाली तर उद्या सगळ्या गावात चर्चा. अल्माची मान नेमकी वेळेवर वळायची. तिला त्याचा अभिमान होता.

एमोस टिल्बरीची मान मात्र कधीच वळायची नाही. हा गृहस्थ नेब्रास्कातल्या हार्लो गावचा, बी-बियाण्यांचा दुकानदार. राष्ट्राध्यक्ष लेस्टर गॅरिक त्याच गावचे. दोघं एका बाकावर बसून शिकले, एकाच ओढ्यात पोहले. गॅरिक निवडून आले तसे हार्लोचे चार जण त्यांच्यामागून राजधानीत आले, त्यात एमोस. त्याला एक पद दिलं होतं, पण त्याचं खरं काम शनिवारी संध्याकाळी राष्ट्राध्यक्षांशी पत्ते खेळायचं आणि त्यांना नुसतं ‘लेस’ म्हणायचं. सगळ्या देशात लेसला लेस म्हणणारा तो एकटाच उरला होता. वॉशिंग्टन त्याच्या पाठीमागे हसायचं आणि पुढे होऊन त्याला जेवायला बोलवायचं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही इथली खासियतच.

एमोस विधुर, म्हणून त्याच्या शेजारी बरेचदा अल्मा. पहिल्याच भेटीत तो तिला आपल्या खेचराची गोष्ट सांगत होता. मधेच टेबल फिरलं, अल्मा वळली, आणि हा तिच्या पाठीला खेचराची गोष्ट सांगत राहिला. समोरच्या दोघी रुमालाआड हसल्या. उठल्यावर अल्माने त्याला हळूच बाजूला घेतलं.

‘मिस्टर टिल्बरी, खेचर पुलावर आलं आणि मी वळले. रागावू नका. इथे तशी रीत आहे.’

‘अस्सं होय? मला वाटलं, माझं खेचर आवडलं नाही तुम्हाला.’

‘खेचर आवडलं. पण यजमानीणबाईंकडे लक्ष ठेवायचं. त्या वळल्या की आपण वळायचं.’

‘बाई, त्या बसणार तिकडे टोकाला, मधे फुलांचा एवढा ढीग. मी जेवू की त्यांच्याकडे बघत बसू?’

‘बरं, मग ताटाकडे बघा,’ अल्मा म्हणाली. ‘मटण आलं की वळायचं. सोपं.’

‘मासा म्हणजे तुम्ही, मटण म्हणजे दुसरी. हे जमेल, मास्तरीणबाई.’

तेव्हापासून ती मास्तरीणबाई झाली. रविवारी ती दोघं कालव्याच्या काठाने फिरायला जायची. तो नांगरटीबद्दल बोलायचा, तिच्या नवऱ्याबद्दल विचारायचा, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचा. अल्माला हे नवीन होतं. तीही त्याला राजधानी समजावून द्यायची. कोण कुणाच्या मुठीत आहे, कुणाच्या बायकोपुढे कुणाचं नाव काढायचं नाही.

एकदा तो वैतागून म्हणाला, ‘तीन आठवडे झाले, एका सिनेटरला एक साधी गोष्ट विचारतोय. भेटला की खांद्यावर हात टाकतो आणि हवेबद्दल बोलतो.’

‘म्हणजे नाही म्हणाला तो.’

‘कधी म्हणाला?’

‘इथे तोंडावर कुणी नाही म्हणत नाही, एमोस. प्रश्न यायच्या आधी हसून मान फिरवतात. ज्याला कळायचं त्याला कळतं, आणि शहाणा माणूस पुन्हा विचारत नाही.’

‘आमच्या हार्लोत नाही म्हणजे नाही. वर एक शिवी.’

‘म्हणून तर तुमचं हार्लो राजधानी झालं नाही,’ अल्मा म्हणाली, आणि दोघं खूप हसली. हे हसणं तिला पुढे पुन्हा पुन्हा आठवलं.

तिसऱ्या वर्षीच्या वसंतात एमोसचं फिसकटलं. पत्ते खेळताना तो राष्ट्राध्यक्षांना म्हणाला, ‘लेस, तू टाकलेलं पान चुकलं तरी हे सगळे वाहवा करतात. पत्त्यांत ठीक आहे. पण कारभारातही तेच चाललंय.’  डाव पुरा झाला. पुढच्या शनिवारी एमोसला निरोपच आला नाही. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. सोमवारपर्यंत जिथे तिथे त्याच्याशी हवेबद्दल बोलणं सुरू झालं.

कॉर्नेलिया थॉर्पबाई या गावातल्या बड्या यजमानीण. त्यांच्याकडचं जेवण मात्र आधीच ठरलेलं होतं आणि त्याला स्वतः राष्ट्राध्यक्ष येणार होते. एमोसचं नाव खोडलं तर बोभाटा व्हायचा, म्हणून त्याला अगदी शेपटाला बसवलं, आणि शेजारी भरतीची अल्मा. कॉर्नेलियाबाई स्वतः दूर टोकाला, त्यांच्या उजव्या हाताला राष्ट्राध्यक्ष.

सूप झालं, मासा आला. पोटोमॅक नदीत वसंतात चढणारा तो मासा, चवीला सुरेख पण काट्यांनी भरलेला. सगळे माना खाली घालून काटे काढत होते. एमोसने काटा-सुरी खाली ठेवली.

‘मी परत चाललोय, अल्मा. हार्लोला.’

‘कधी?’

‘या आठवड्यात. इथे माझं काही उरलं नाही. म्हणजे, एक सोडून.’ त्याने ताटाकडे पाहिलं. मासा अजून अर्ध्याहून जास्त होता. ‘वेळ आहे अजून. मला तुम्हाला एक विचारायचंय. घर जुनंच आहे माझं, पण पियानो ठेवण्यापुरती जागा आहे. तर मी असं म्हणत होतो, की तुम्ही...’

आणि नेमकं तेव्हा टेबलाच्या टोकाला कॉर्नेलियाबाई वळल्या. राष्ट्राध्यक्ष त्या दिवशी घुम्यासारखे बसले होते, बाईंनी टाकलेला एकही विषय त्यांनी उचलला नाही. बाईंचा धीर सुटला आणि मासा संपायच्या आत त्यांनी मान डावीकडे केली. तसं कधी होत नसे. पण मान वळली, ती सगळ्यांना दिसली, आणि टेबलभर माना वळत गेल्या.

अल्माला फुलांच्या फटीतून ते दिसलं. तिच्या डावीकडे एक नवा उपमंत्री, त्याची पलीकडची बाई त्याच्याकडे पाठ करून मोकळी झाली होती. तो बिचारा ताटाकडे बघू लागला होता. अल्माचा एक क्षणही गेला नाही. ती एमोसकडे बघून हसली आणि वळली. इतक्या वर्षांची सवय होती. बाकीचं वाक्य कॉफीच्या वेळी ऐकू, एवढंच तिच्या मनात आलं.

कॉफीच्या वेळी रीतीप्रमाणे बायका वर गेल्या, पुरुष खाली चिरूट ओढत राहिले. बायका खाली आल्या तेव्हा राष्ट्राध्यक्ष उठलेच होते. ते गेले आणि दिवाणखाना भराभर मोकळा झाला. एमोस दिसला नाही.

सकाळी एमोसला फोन करायला अल्माने हात पुढे केला होता. तेवढ्यात तोच वाजला. कॉर्नेलियाबाई.

‘अल्मा, काल तू छान सांभाळलंस हो. आणि ऐक, एमोसला इतक्यात फोनबिन करू नकोस.’

‘का?’

‘का काय? लेस्टर गॅरिक त्याचं नाव काढू देत नाहीत. जरा निवळू दे. तुझ्यासारख्या एकट्या बाईने तर जास्तच जपावं. उद्या लोक म्हणतील, ती त्याच्या गोटातली, मग कोण बोलावणार तुला?’

अल्माने हात काढून घेतला. त्याला विचारायचं असेल तर तो विचारेल, बाईमाणसाने कशाला पुढे व्हायचं, अशी तिने मनाची समजूत घातली. खरं कारण ते नव्हतं. तिला चारच्या फोनची भीती वाटली, तो बंद होईल याची. आठवड्याच्या शेवटी कळलं की एमोस गाडीत बसून गेलासुद्धा.

त्याने काही कळवलं नाही. तिनेही नाही. पुढच्या निवडणुकीत गॅरिक पडले, नवे राष्ट्राध्यक्ष आले, त्यांच्याबरोबर नवी माणसं, नव्या यजमानिणी, आणि त्यांच्या भरतीच्या नव्या बायका. चारचा फोन हळूहळू वाजेनासा झाला. ज्याच्यासाठी एवढं जपलं, ते असं गेलं. पियानोची मुलं तेवढी येत राहिली. हिरवा पोशाख तिने चर्चच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीला देऊन टाकला.

बऱ्याच वर्षांनी गॅरिक वारले, तेव्हा कॉर्नेलियाबाईंना हार्लोला जायचं होतं आणि आता त्यांना एकटीने गाडीतून उतरवत नव्हतं. त्यांनी अल्माला फोन केला. ‘येतेस का ग सोबतीला?’ अल्मा पुन्हा भरतीला गेली. काळा पोशाख होताच.

दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात जेवण होतं. लांब टेबलं, कागदी आच्छादनं, हॅमचे काप, बटाट्याची कोशिंबीर, गावच्या बायकांनी करून आणलेले ‘पाय’, म्हणजे आत फळं भरून भाजलेल्या गोड पोळ्या. जो जिथे जागा मिळेल तिथे बसत होता. अल्मा बसली आणि शेजारी येऊन बसला तो एमोस. पिकला होता, पण हात तेच, मोठे.

‘मास्तरीणबाई.’

‘एमोस.’

‘ही बर्निस, माझी बायको,’ त्याने सांगितलं. ‘आमच्या पलीकडचं शेत हिचंच होतं. मी परतलो त्याच्या पुढच्या हिवाळ्यात लग्न केलं.’

बर्निस गुबगुबीत, हसऱ्या चेहऱ्याची बाई होती. ‘तुमचं फार ऐकलंय मी. यांना काटे-चमचे धरायला तुम्हीच शिकवलंत ना? घरी आल्यावर सगळं विसरलेत. थांबा, तुम्हाला रुबार्बच्या आंबट देठांचा पाय आणते. माझा आहे, बाकीच्यांचे नका घेऊ.’ आणि ती उठून गेली.

एमोसने आपला कप बाजूला सरकवला. ‘अल्मा, लेसला आज मातीत ठेवलं. आता लाज कसली? त्या दिवशी मी तुम्हाला लग्नाचं विचारत होतो.’

‘हं.’

‘मी बघून ठेवलं होतं. मासा अजून ताटातच होता. मटण यायला वेळ होता. आणि तुम्ही आपणहून हसून मान फिरवलीत. कळलं मला. तुम्हीच शिकवलं होतंत, शहाणा माणूस पुन्हा विचारत नाही. रागबिग नाही आला. फक्त कधीकधी वाटतं, मी घाई तर नाही केली? मी बरोबर समजलो होतो ना?’

 यजमानीणबाईंकडे बघायचं, हे अल्माने त्याला सांगितलं होतं, आणि मग तिनेच ते ‘मटण आलं की वळायचं’ असं सोपं करून दिलं होतं. कॉर्नेलिया आधी वळली होती, एमोस. एवढं एकच वाक्य म्हणायचं होतं. फुलांच्या मागे तुम्हाला दिसलं नाही. मी हो म्हणणार होते. बोलायला कुणाची आडकाठी नव्हती, इथे टेबल फिरत नव्हतं.

पलीकडून बर्निस पायची बशी सांभाळत येत होती. वाटेत कुणाला तरी दटावत होती, ‘तो तुकडा ठेवलाय, पाहुण्यांचा आहे.’ एमोसने तिचा आवाज ऐकला आणि तिच्यासाठी खुर्ची सरकवली, न बघता, सवयीने. अल्माने ते पाहिलं. हे वाक्य ऐकून हा माणूस घरी जाईल, आणि मग रोज सकाळी ही खुर्ची सरकवताना काय करील?

‘बरोबर समजलात,’ ती म्हणाली. ‘माझी शिकवणी वाया गेली नाही.’

एमोसने मोठा श्वास सोडला आणि मान डोलावली. ‘मला वाटलंच होतं.’ बर्निसने बशी अल्मापुढे ठेवली, आणि अल्माने तो आंबटगोड पाय शेवटच्या कणापर्यंत खाल्ला, चांगला झालाय असं म्हणाली. झालाही होता.

परतीच्या गाडीत कॉर्नेलियाबाईंनी शाल गुंडाळून घेतली. ‘एमोस बराच वेळ बोलत होता तुझ्याशी. काय एवढं?’

‘काही नाही,’ अल्मा म्हणाली. ‘त्यांचं एक वाक्य अर्धं राहिलं होतं. ते आज पुरं ऐकून घेतलं.’

‘कधीचं ग?’

 अल्मा कॉर्नेलियाबाईंकडे बघून हसली आणि खिडकीकडे वळली.