उंदीरखाऊंच्या घरची मुलगी

माझ्या सासूबाईंचं खरं नाव बाजारात कुणालाच ठाऊक नाही. न्डोला या खाणींच्या शहरातल्या बाजारात त्या सुकी मासळी विकतात आणि सगळे त्यांना बाना कासोंदे म्हणतात, कासोंदेची आई. कासोंदे म्हणजे माझा नवरा.

आम्ही बेंबा जमातीचे. न्गोनी लोकांशी आमच्या पणज्यांच्या लढाया झाल्या, मग समेट झाला, आणि तेव्हापासून दोघांनी एकमेकांना वाट्टेल ते बोलावं अशी रीत पडली. ते आम्हाला माकडखाऊ म्हणतात, आम्ही त्यांना उंदीरखाऊ. रागवायचं कुणी नाही; जो रागावतो त्याचंच हसं होतं. वस्तीत कुणी न्गोनी गेला की सासूबाई फळी झाकून निघतात, थेट खड्ड्याच्या काठावर आडव्या होतात आणि ओरडतात, "पुरू नका रे याला! आतले उंदीर घाबरतील!" रडून दमलेली विधवाही हसते. त्यांच्याशिवाय अंत्यविधी नीट झाला असं कुणाला वाटत नाही.

माझे सासरे खाणीत होते. त्यांच्या जोडीला जेरे नावाचा न्गोनी, मलावीतल्या न्चेऊचा. आमच्या कुंपणापलीकडेच राहायचा. तो आणि सासूबाई सकाळी कुंपणावरून एकमेकांना शिव्या घालत आणि मगच दोन्ही घरांतल्या चुली पेटत. म्हातारपणी जेरे गावी परतला. सासरे वारले. तरी दर रविवारी जेरेचा फोन यायचा, "काय गं म्हातारे, माकड शिजलं का?"

मग एका रविवारी फोन आला नाही. पुढे कळलं की जेरे गेला. त्याच्याजवळ आईबापाविना वाढलेली नात होती, तियामिके, नऊ वर्षांची. ती आता न्चेऊच्या बालगृहात होती.

"आपली पोर तिकडे परक्यांत आहे," सासूबाई म्हणाल्या.

मला दोन मुलगे आहेत. तिसरं होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि मुलीची हौस माझ्या मनातून गेली नव्हती. कासोंदेनं तोंड उघडायच्या आत मी हो म्हणून टाकलं.

कागदपत्रांत दोन पावसाळे गेले. शेवटी दोन्ही देशांची परवानगी मिळाली, पण एक गोष्ट उरली. मुलगी मोठी, म्हणून न्यायाधीश तिलाच विचारणार. तिनं नाही म्हटलं की संपलं. एक जोडपं आधी तिला बघून गेलं होतं. ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. मला झोप लागेना.

ऑगस्टच्या सुट्टीत आम्ही पाचही जण बसनं निघालो. सीमा ओलांडल्यावर मी सासूबाईंना बजावलं, "आई, तिथं उंदीर हा शब्द काढायचा नाही. लहान पोर आहे, आजोबा गमावलेत तिनं."

"मग बोलू काय?"

"शुभ सकाळ म्हणा. तब्येत विचारा."

"जेरेच्या नातीला? शुभ सकाळ?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना नागडं फिरायला सांगत होते.

न्चेऊच्या अलीकडे रस्त्याकडेला काड्यांवर ओळीनं लावलेले खारवलेले उंदीर घेऊन विक्रेते बसच्या खिडक्यांशी धावले. सासूबाईंनी अंगावरच्या कापडाचं टोक तोंडात कोंबलं. खांदे गदगदा हलायला लागले.

"आजी रडतेय का?" धाकट्या कलाबानं विचारलं.

"बाहेर बघू नकोस," मी म्हटलं.

बालगृहात तियामिके निळ्या स्वेटरमध्ये खुर्चीवर बसली होती, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. आम्ही सगळे इस्त्रीच्या कपड्यांत रांगेनं उभे. ती एकेकाकडे बघत सासूबाईंवर येऊन थांबली. वाट बघितल्यासारखी. सासूबाईंनी गुडघे वाकवले, परक्यांना मान देताना वाजवतात तशा हलकेच टाळ्या वाजवल्या आणि म्हणाल्या, "शुभ सकाळ, बाळ. बरी आहेस ना?"

पोरीचा चेहरा मिटला. मी नवे बूट दिले. तिनं पायाला लावून बघितले, बरोब्बर बसले, आणि काढून परत खोक्यात ठेवले.

दुसऱ्या दिवशीही तेच. बालगृहाच्या मिसेस कालुआ मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "उद्या कोर्ट आहे. मन घट्ट करा."

दुपारी सगळे एकत्र जेवायला बसलो. मक्याची न्शिमा आणि घेवडा. तियामिकेनं आपल्यापुढची घेवड्याची वाटी हळूच बाजूला सारली.

"का गं," सासूबाई एकदम म्हणाल्या, "पानात उंदीर नाही म्हणून जेवण जात नाही का?"

मिसेस कालुआंचा हात हवेतच थांबला. मी टेबलाखालून सासूबाईंना लाथ मारली. ती कासोंदेला लागली.

तियामिकेनं मान वर केली. "आधी तुझ्या दातात अडकलेलं माकडाचं शेपूट काढ," ती म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"ऐकायला येत नाही? कानातही माकडाचे केस गेलेत?"

सासूबाईंनी छातीवर हात ठेवला. "अगं बाई, जेरेच उठून आला!" आणि असं हसू फुटलं त्यांना, की डोळे पुसायला हात पुरेनात.

"म्हणजे ती म्हातारी तूच?" तियामिके उभी राहिली. "आजोबा सांगायचे, ती दारातूनच मला शिव्या घालील. तू तर शुभ सकाळ म्हणालीस! मला वाटलं, दुसरीच माणसं आली."

"ऐकलंस सूनबाई?" सासूबाई म्हणाल्या. सूनबाईंनी ऐकलं होतं. सूनबाई ओंजळीत तोंड लपवून बसल्या होत्या.

सकाळी तियामिके खोकं घेऊन माझ्यासमोर आली आणि पाय पुढं केला. अकरा वर्षांच्या मुलीला नाड्या बांधता येतात, हे मला ठाऊक होतं. मी बांधल्या.

न्यायाधीश किडकिडीत, चष्मेवाले. "या लोकांबरोबर जायची तुझी इच्छा आहे का?"

"जाईन," तियामिके म्हणाली. "पण माकड खाणार नाही."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "आणि आजीबाई, तिला कधी उंदीर खावासा वाटला तर?"

"साहेबांचं आडनाव काय?" सासूबाईंनी विचारलं.

"न्कोसी." म्हणजे पक्कं न्गोनी आडनाव.

"तरीच! म्हटलं कोर्टात मांजर का दिसत नाही!"

न्कोसीसाहेब बराच वेळ फाइलमागे होते. बाहेर आले तेव्हा सही झालेली होती.

परतताना त्याच वळणावर बस थांबली. तियामिकेनं खिडकीतून उंदरांची एक काडी घेतली आणि सासूबाईंच्या तोंडासमोर धरली. मागे ओरड झाली, "बेंबा म्हातारी खाते का बघा रे!" अख्खी बस उठून उभी राहिली. सासूबाईंनी काडी हातात घेतली, नाक दाबलं, डोळे मिटले, दातांनी एक तंगडी तोडली. चावल्या. पुन्हा चावल्या.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या, आणि काडी काही परत देईनात.